आंबणं थांबलेली व्हाइट वाइन: वाट पाहायची की हात घालायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरची छोटी बाग, फक्त पांढरी द्राक्षं, सेंद्रियकडे वळल्याला तिसरं वर्ष. बाहेरचं यीस्ट न घालता रस जुन्या ओकच्या पिपांत आंबायला ठेवला. तोडणीला अडीच महिने झाले, आणि गेले तीन आठवडे हायड्रोमीटर (वाइनची घनता, म्हणजे पर्यायानं उरलेली साखर दाखवणारं उपकरण) ०.९९८ वरून हलत नाही. बुडबुडे बंद, तळघर ११ अंशांवर. वडील म्हणतात, "हात लावू नकोस, ऊन वाढलं की आपोआप चालू होईल." सल्लागार म्हणतात, "सल्फाइट घाला, फिल्टर करा, बाटलीत भरा आणि मोकळे व्हा." (सल्फाइट म्हणजे बॅक्टेरिया आणि हवा यांपासून वाइन सांभाळणारं गंधकाचं संयुग.) आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की सेंद्रिय आणि संयमी पद्धत म्हणजे नेमकं किती काळ गप्प बसायचं.

दोघांनी उपाय सांगितलाय, पण वाइन कुठल्या अवस्थेत आहे हे कुणीच तपासलेलं दिसत नाही. अशी थांबलेली वाइन तीनपैकी एका अवस्थेत असते. यीस्ट जिवंत आहे पण गारठलंय. किंवा उपासमारीनं आणि अल्कोहोलनं ते मरायला टेकलंय. किंवा त्याची जागा बॅक्टेरियांनी घ्यायला सुरुवात केलीय. पहिल्या अवस्थेत वडील बरोबर, तिसरीत सल्लागार बरोबर, आणि दुसरीत दोघंही चूक. पंचाईत अशी की वरून बघताना तिन्ही पिपं सारखीच शांत दिसतात. तेव्हा 'किती थांबू' याच्या आधी 'कशासाठी थांबतोय' याचं उत्तर हवं.

आधी त्या ०.९९८ बद्दल. १.००० च्या खाली गेलं म्हणजे जवळपास संपलंच, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे १२-१३ टक्क्यांची पूर्ण कोरडी, म्हणजे साखर संपलेली वाइन ०.९९२ च्या आसपास बसते. म्हणजे तुमच्या वाइनमध्ये लिटरला ढोबळमानानं १५ ग्रॅम साखर अजून शिल्लक आहे. साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतं, या हिशोबानं जवळपास एक टक्क्याचं काम बाकी आहे. आंबटपणामुळे ही साखर जिभेला कमी जाणवते, बॅक्टेरियांना मात्र बरोबर सापडते. शिवाय ती बहुतेक फ्रुक्टोज असणार, कारण यीस्ट ग्लुकोज आधी संपवतं आणि फ्रुक्टोज शेवटी, नेमकं थकल्यावर, त्याच्या वाट्याला येतं. (रीडिंग घेताना नमुना चांगला हलवून त्यातला वायू काढून टाका आणि २० अंशांवर आणून मोजा. वायू भरलेल्या गार वाइनमध्ये हायड्रोमीटरवर विसंबू नका.)

आता धोका कुठे आहे ते. वाइन आंबत असते तेव्हा कार्बन डायऑक्साइड तिला हवेपासून सांभाळतो. पूर्ण कोरडी झाल्यावर तिच्यात खाण्यासारखं फारसं उरत नाही आणि आपण सल्फाइटही देतो. तुमची वाइन या दोन्हींच्या मध्ये अडकलीय: वायू थांबलाय, साखर आहे, सल्फाइट नाही. तिच्या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत उघडा काळ. म्हणून इथे नुसतं वाट पाहणं मला मान्य नाही. वाट पाहायची तर मोजत पाहायची.

प्रत्येक पिपाचा वेगळा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. सगळ्यांचा मिळून एक पाठवू नका. रानटी यीस्टवर आंबणारी शेजारशेजारची दोन पिपं अगदी वेगळी वागू शकतात, आणि सरासरीत आजारी पीप लपून जातं. चार आकडे मागा: ग्लुकोज-फ्रुक्टोज (उरलेली साखर), पीएच (आकडा जितका कमी तितकी वाइन आंबट), व्होलाटाइल ॲसिडिटी म्हणजे व्हीए, आणि मॅलिक आम्ल (द्राक्षातलं आम्ल, जे बॅक्टेरिया लॅक्टिकमध्ये बदलतात). जमलं तर पाचवा, डी-लॅक्टिक आम्ल.

पीएच ३.२ च्या खाली असेल तर तुमच्या हातात वेळ आहे. ३.५ च्या वर असेल तर मी आठवडाभरसुद्धा निवांत बसणार नाही, कारण त्या पातळीला नको असलेले लॅक्टिक बॅक्टेरिया आरामात वाढतात. व्हीए म्हणजे मुख्यतः व्हिनेगरचं आम्ल. पिपात रानटी यीस्टवर आंबलेल्या व्हाइट वाइनमध्ये लिटरला ०.३ ते ०.४ ग्रॅम दिसलं तर मी बिचकत नाही. युरोपीय संघात व्हाइट वाइनला कायद्याची मर्यादा १.०८ ग्रॅम आहे, पण नाकाला त्याच्या कितीतरी आधी कळतं, म्हणून कायद्याच्या आकड्यावर निर्धास्त राहू नका. एका आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची: दहा दिवसांनी पुन्हा मोजा. ०.४५ ला स्थिर असलेलं पीप मला चालेल, ०.३५ वरून ०.५० वर गेलेलं चालणार नाही.

मॅलिक आणि डी-लॅक्टिक का मागायचं? मॅलिक जसंच्या तसं असेल तर बॅक्टेरिया अजून झोपलेत. ते घटत असेल आणि साखर शिल्लक असेल, तर ते जागे झालेत आणि मॅलिक संपल्यावर साखरेकडे वळू शकतात. तसे वळले की लॅक्टिकबरोबर ॲसेटिक आम्लही तयार होतं. मॅलिकपासून बनणारं लॅक्टिक एल प्रकारचं असतं. साखरेवर हात मारला की डी प्रकारचं वाढायला लागतं. तिसरी अवस्था व्हीएच्याही आधी पकडायची असेल तर हा आकडा उपयोगी पडतो. लहान वायनरीत फार कुणी मागत नाही, पण मागावा.

अहवाल येईपर्यंत तळघर तापवू नका. इथेच लोक घाई करतात. ऊब मिळाली की यीस्ट हलतं हे खरं, पण बॅक्टेरियाही हलतात, आणि बऱ्याचदा तेच आधी. पीएच आणि व्हीए कळल्याशिवाय ११ अंश हे तुमचं संरक्षण आहे.

त्याच वेळी एक साधी चाचणी सुरू करा. अडकलेल्या वाइनवर मोठा निर्णय घेण्याआधी मी ती करतोच. पिपातला गाळ दांड्यानं हलवून वर आणा आणि गढूळ वाइन तीन बाटल्यांत प्रत्येकी एक लिटर भरा. पहिली नुसतीच. दुसरीत ०.३ ग्रॅम यीस्टची टरफलं, म्हणजे मृत यीस्टच्या पेशींची पूड. यीस्टला जाच करणारी काही फॅटी ॲसिड ती शोषून घेते. तिसरीत, तुमचं एखादं पीप व्यवस्थित कोरडं झालं असेल तर त्याचा ताजा गाळ पळीभर. तिन्हींना एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच) लावा आणि २० अंशांच्या खोलीत ठेवा. मग रोज एकाच वेळी वजन करा, दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. साखरेच्या जवळपास निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड उडून जातो, म्हणजे १५ ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर बाटली सातेक ग्रॅमनं हलकी होईल. फक्त एक लक्षात ठेवा: गार वाइनमध्ये आधीपासून विरघळलेला वायू असतो, तो ऊब मिळताच निघतो. पहिल्या एकदोन दिवसांत ग्रॅमभर वजन उतरलं म्हणून खूश होऊ नका. तिसऱ्या दिवसापासून रोज थोडं थोडं उतरत राहिलं तर ते आंबणं. आठवड्याअखेर तिन्हींचा वास घ्या, चव घ्या आणि शक्य असेल तर त्याच बाटल्यांचं व्हीएही मोजून घ्या.

पहिली बाटली नुसत्या उबेवर चालली, पीएच खाली आहे, व्हीए स्थिर आहे, तर वडील बरोबर आहेत. यीस्ट जिवंत आहे. पिपं एकेक करून १६-१८ अंशांच्या खोलीत हलवा किंवा त्यांच्याभोवती पट्ट्याचा हीटर लावा, आणि आठवड्यातून दोनदा गाळ हळुवार हलवा. गाळ फक्त वर यायला हवा. बूच काढून घुसळून फेस आणायचा नाही. घाई नसेल तर ऊन वाढेपर्यंत थंडीतच ठेवलं तरी चालेल, मात्र दर तीन आठवड्यांनी व्हीए मोजायचं. काही जुन्या घरांत वाइन दुसऱ्या तोडणीच्या तोंडावर कोरडी होते आणि उत्तम होते. त्यांचं पीएच कमी असतं, तळघर गार असतं आणि पिपं काठोकाठ भरलेली असतात.

फक्त दुसरी किंवा तिसरी बाटली चालली, तर यीस्ट थकलंय आणि त्याला मदत हवी. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे निरोगी पिपाचा गाळ. पण क्रम उलटा करू नका: अडकलेल्या वाइनमध्ये थोडं यीस्ट टाकून मोकळं व्हायचं नाही. निरोगी गाळ शिल्लक असलेल्या किंवा अजून आंबणाऱ्या पिपात अडकलेली वाइन थोडी थोडी, टप्प्याटप्प्यानं घालत जायची. त्याला झेपतंय असं दिसलं की पुढचा वाटा. निरोगी पीपच नसेल तर विकतचं यीस्ट: जास्त अल्कोहोल आणि फ्रुक्टोज सहन करणारा वाण घ्या, पाकिटावर सांगितलेल्या तापमानाच्या पाण्यात फुलवा, मग पाणी, थोडा रस आणि तुमची वाइन यांच्या मिश्रणात वाढवा. साखर अर्ध्यावर आली की तेवढीच वाइन पुन्हा घाला. असं दुप्पट-दुप्पट करत त्याला अल्कोहोलची सवय लावायची. थेट पिपात ओतलेलं यीस्ट १२ टक्के अल्कोहोलच्या धक्क्यानंच मरतं आणि मग "यीस्ट घालूनही उपयोग झाला नाही" म्हणून सगळे हताश होतात.

आणि एकही बाटली चालली नाही, व्हीए चढतंय, किंवा नाकाला व्हिनेगरची, नेलपॉलिशची चाहूल लागतेय, तर सल्लागारांचं ऐका आणि उशीर करू नका. सल्फाइट द्या, गाळावरून वाइन काढा, थंड करा. किती द्यायचं हे पीएचवर ठरतं: ०.८ मिलिग्रॅम आण्विक सल्फर डायऑक्साइडसाठी (सल्फाइटचा जंतूंना खरोखर मारणारा भाग) पीएच ३.० ला लिटरला सुमारे १३ मिलिग्रॅम मुक्त सल्फाइट लागतं, ३.२ ला २० च्या आसपास, ३.५ ला जवळजवळ ४०. घातलेल्यापैकी बरंच वाइनमध्ये बांधलं जातं, म्हणून घातल्यावर पुन्हा मोजावंच लागतं. हा निर्णय घेतला की आंबणं पुन्हा सुरू होणार नाही असंच धरा. मग ती थोडी गोड वाइन म्हणूनच विकायची, आणि बाटलीत पुन्हा उसळू नये म्हणून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायची. त्यात कमीपणा काही नाही. आंबटपणा भरपूर असेल तर १५ ग्रॅमची वाइन छान लागते. जर्मनीतल्या मोझेलच्या खोऱ्यातल्या रिसलिंग या व्हाइट वाइनमध्ये थोडी साखर राखणं ही तर जुनी रीत आहे. प्रश्न एवढाच की ती तुम्ही ठरवून केलीत की तुमच्यावर ओढवली.

मधल्या काळात, कुठलाही निकाल येवो, पिपं काठोकाठ भरलेली ठेवा. लाकडातून वाइन सतत कमी होत जाते आणि बुचाखाली हवा साठते. दर आठवड्याला भरा, आणि भरायला शुद्ध वासाची वाइनच वापरा. शंका असलेल्या पिपातली दुसऱ्यात घालू नका. नमुना घ्यायची नळी, दांडा, सगळं प्रत्येक पिपानंतर धुवा. फ्रान्समधल्या झ्युरामध्ये पिपं मुद्दाम काठोकाठ न भरता वाइनवर यीस्टचा पापुद्रा चढू देतात आणि व्हाँ झोन ही तिथली वाइन वर्षानुवर्षं तशीच मुरते, हे खरं आहे. पण तिथे वाइन आधी पूर्ण कोरडी झालेली असते. तो दाखला तुमच्या १५ ग्रॅम साखरेला लागू होत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण "त्यांच्याकडे चालतं ना" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

आता 'सेंद्रिय' या शब्दाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्यात. विकतचं यीस्ट न वापरणं ही तुमची पसंती आहे; सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी ती अट असतेच असं नाही. युरोपीय संघानं २०१२ मध्ये सेंद्रिय वाइनचे नियम आणले, त्याआधी 'सेंद्रिय द्राक्षांपासून बनवलेली वाइन' एवढंच लिहिता यायचं. त्या नियमांत यीस्ट चालतं आणि सल्फाइटही चालतं, फक्त मर्यादा कडक आहे: दोन ग्रॅमपेक्षा कमी साखरेच्या व्हाइट वाइनला लिटरला एकूण १५० मिलिग्रॅम, एरवीच्या २०० ऐवजी. अमेरिकेत मात्र सल्फाइट घातलं की 'सेंद्रिय वाइन' म्हणता येत नाही, 'सेंद्रिय द्राक्षांपासून' एवढंच म्हणता येतं, तेही १०० पीपीएमच्या (लिटरला साधारण १०० मिलिग्रॅमच्या) आत. तुमची प्रमाणन संस्था कुठले नियम लावते आणि रूपांतराच्या काळातल्या मालाला काय लिहू देते, हे काही घालण्याआधी तिलाच विचारा. पण "सेंद्रिय आहे म्हणून काही करता येत नाही" हे कारण बाजूला ठेवा. वाइन खराब होऊ देणं कुठल्याच प्रमाणपत्रात मागितलेलं नाही.

हे असं का झालं, यावर मला जास्त बोलायचंय, कारण मूळ कारण दूर झालं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच होईल. तुम्ही लिहिलंय की ओळींमध्ये गवत कायम ठेवलं आणि उन्हाळा कोरडा गेला. माझा पहिला संशय नायट्रोजनवर आहे. रासायनिक खत बंद केल्यावर जमीन स्वतःहून नायट्रोजन पुरवायला लागेपर्यंत काही वर्षं जातात. त्या काळात गवत वेलीच्या पाण्यात आणि नायट्रोजनमध्ये वाटेकरी होतं. वेल बाहेरून ठीक दिसते, घड छान दिसतात, पण रसात यीस्टला वापरता येईल असा नायट्रोजन कमी उतरतो. लिटरला १५० मिलिग्रॅमच्या खाली गेला की बावीस ब्रिक्सचा (साधारण २२ टक्के साखरेचा) रस कोरडा करणं यीस्टला जड जातं. ते सुरुवातीला जोमानं धावतं आणि शेवटच्या टप्प्यात गळपटतं. तुमची कहाणी नेमकी तशीच दिसते.

दुसरा संशय रस फार स्वच्छ केल्याचा. रात्रभर थंड करून निवळलेला रस आरशासारखा दिसला की लोकांना समाधान वाटतं, पण त्या गढूळपणात यीस्टच्या पेशीला लागणारे पदार्थ असतात. रानटी यीस्टवर आंबवायचं असेल तर मी १०० ते २०० एनटीयूचा (गढूळपणाचं एकक), थोडा धुकट रसच पिपात घेतो. तिसरी शक्यता फवारण्यांची. भुरी रोगासाठी मारलेलं गंधक तोडणीच्या फार जवळ गेलं की रसात उतरतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत मी पाचसहा आठवडे तरी ठेवतो. केवडा रोगासाठीच्या बोर्डो मिश्रणातलं तांबंही जास्त झालं तर यीस्टला मारक ठरतं. युरोपात तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे ती जमिनीच्या काळजीनं, पण मोजूनमापून फवारण्याचा फायदा पिपापर्यंत पोचतो.

तुमच्या वडिलांचा संयम वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, फक्त त्याची जागा वाइन कोरडी झाल्यानंतरची आहे. वाइन एकदा कोरडी झाली, मॅलिकचं काय करायचं ते ठरलं आणि सल्फाइट बसलं, की बारीक गाळावर ती सहा महिने, वर्षभर, त्याहूनही जास्त राहू द्या. तो गाळ ऑक्सिजन खातो, मृत यीस्टच्या पेशी हळूहळू फुटून वाइनला भरीवपणा देतात, आणि कोवळ्या वाइनची धार मोडते. फ्रान्सच्या मस्कादेसारख्या हलक्या व्हाइट वाइनलाही गाळावर ठेवल्यानं किती फरक पडतो ते चाखून बघा. तिथे घाई करणारा सल्लागार भेटला तर त्याचं ऐकू नका. पैसा अडकतो हे खरं आहे, आणि नवा माल आला की पिपं कमी पडतात. त्यावर माझा उपाय असा: एक हिस्सा टाकीत आंबवून लवकर बाटलीत भरायचा आणि विकायचा, त्यावर घर चालवायचं, पिपातल्या मालाला मग कुणी घाई करत नाही.

पुढच्या तोडणीसाठी दोन कामं. हंगामात एकाआड एक ओळीतलं गवत मोडा आणि तिथे शेंगवर्गीय हिरवळीचं पीक घेऊन फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत मिसळा. मण्यात पाणी उतरलं की रसाचा नायट्रोजन मोजून घ्या. आठवडाभर आधी कळलं तर तयारी करता येते. आणि तोडणीच्या आठ दिवस आधी निरोगी घडांचे चारपाच क्रेट तोडून, चिरडून, वेगवेगळ्या छोट्या भांड्यांत आंबायला ठेवा. ज्याचा वास स्वच्छ आणि चाल जोरदार, ते मोठ्या रसाला विरजण म्हणून लावायचं. ज्याला व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास येतो ते फेकायचं. यीस्ट तुमच्याच बागेतलं राहतं, फक्त निवडून घेतलेलं.

अहवाल आला की प्रत्येक पिपाचं पीएच, व्हीए, साखर आणि मॅलिक कळवा, बाटल्यांच्या वजनाच्या नोंदींसकट. मग कुठलं पीप उबेत न्यायचं आणि कुठल्याला सल्फाइट द्यायचं हे नेमकं सांगता येईल.